कराची ते मुंबई : अंतर आणि वेळ

काळ-काम-वेगाची गणिते आपण सर्वांनीच शाळेत सोडविली आहेत. अंतराला वेगाने भागले की वेळ निघतो, एवढी एक किल्ली हाती असली म्हणजे त्या प्रकरणातील निम्मी कुलुपे उघडत. त्या गणितांतील आगगाड्या कधी बंद पडत नाहीत, त्यांतील प्रवाशाला कोणी परवाना विचारीत नाही, आणि दोन गावांच्या मधोमध कोणी सरहद्द आखीत नाही. म्हणूनच आपले उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या उत्तराशी जुळत असे. आज आम्ही ज्या दोन विमानतळांविषयी बोलणार आहोत, त्यांच्यामधील प्रवासाचा वेळ मात्र या किल्लीने उघडत नाही.

हा विषय आम्हांला सुचला तो एका वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नावरून. एका व्याख्यानानंतर ते हळूहळू चालत व्यासपीठापाशी आले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही एवढा इतिहास सांगता, मुंबईहून कराचीला विमानाने जायला किती वेळ लागतो ते सांगा." जन्म कराचीचा, १९४८ साली सहा-सात वर्षांचे असताना आईचे बोट धरून आगबोटीने मुंबईला उतरलेले, पुढे कल्याणच्या छावणीत वाढलेले. मराठी आमच्याइतकीच स्वच्छ. आम्ही म्हटले, "तास-दीड तास लागत असावा." ते हसले व म्हणाले, "तो विमानाला लागतो. माणसाला किती लागतो?" या प्रश्नाला आमच्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. ते शोधता शोधता जे हाती आले, ते आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम अंतर पाहू, कारण सबंध कथेत न बदलणारी गोष्ट ती एवढीच आहे. घरातील पृथ्वीचा गोल घ्यावा, कराचीवर आणि मुंबईवर एकेक टाचणी लावावी, आणि दोहोंमध्ये दोरा ताणून धरावा. हा ताणलेला दोरा म्हणजे गोलाच्या पाठीवरील सर्वांत जवळची वाट. तो सुमारे ८७५ किलोमीटर, म्हणजे जुन्या मापाने ५४५ मैलांच्या आसपास भरतो. तो कराचीहून निघून समुद्र ओलांडतो, सौराष्ट्राच्या भूमीवरून तिरपा जातो, आणि पुन्हा समुद्रावरून मुंबईला येतो. मुंबई-दिल्ली हा दोरा सुमारे ११४० किलोमीटरांचा आहे. अर्थात मुंबईला कराची ही दिल्लीपेक्षा जवळ. हे वाक्य नकाशाकडे पाहून कोणीही म्हणू शकेल. तथापि आमच्या पिढीला ते ऐकताना थोडे चमत्कारिक वाटते, हेही तितकेच खरे.

आमच्या आजोबांना ते मुळीच चमत्कारिक वाटले नसते. १८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकला आणि १८४७ साली तो मुंबई इलाख्याला जोडला. तेव्हापासून १ एप्रिल १९३६ पर्यंत कराची हे मुंबई इलाख्यातले एक मोठे बंदर होते. कराचीच्या कॉलेजातील विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. कराचीतल्या जुन्या सरकारी हायस्कुलाला नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणखात्यातील अधिकाऱ्याचे नाव दिलेले आहे. नोकरीच्या आणि धंद्याच्या निमित्ताने गेलेली मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली; त्यांतील थोडी तर फाळणीनंतरही हलली नाहीत, आणि अलीकडच्या वर्षांतही त्यांच्या वस्तीत गणपती बसत आल्याचे आपण वाचले असेल. तेव्हा १९३२ साली या दोन गावांमध्ये विमान सुरू झाले, ते एकाच इलाख्याच्या दोन टोकांना जोडणारे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

त्यापूर्वी जावयाचे कसे? एक आगबोटीने, समुद्राचा स्वभाव पाहून दीड-दोन दिवसांत. दुसरा मार्ग रेल्वेचा : अहमदाबाद, मारवाड, जोधपूर संस्थानाचे वाळवंट आणि सिंधमधील हैदराबाद अशा मोठ्या वळशाने. वाटेत रुळांची रुंदी बदले, त्यामुळे गाडीही बदलावी लागे, आणि सामान उतरविताना हमालांशी होणारी घासाघीस निराळीच.

३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या इंग्रज कंपनीने लंडन ते कराची हवाई टपाल सुरू केले. लंडनला पेटीत टाकलेले पत्र सात दिवसांत कराचीला पोचू लागले. आणि तेथे येऊन ते थांबले! आगबोटीने लंडनहून मुंबईला पत्र येण्यास सुमारे दोन आठवडे लागत. म्हणजे विमानाने कमावलेला आठवडा केवढा मोलाचा. पण कराचीत उतरलेली ती थैली पुढे मुंबई-मद्रासकडे आगगाडीने निघे, आणि कमावलेले दिवस वाळवंटात गळून जात. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे मोठेच दुखणे होते.

कराचीवर इंग्रजांनी केवढी आशा ठेवली होती याची साक्ष तेथे एका प्रचंड इमारतीच्या रूपाने पुष्कळ वर्षे उभी होती. आर-१०१ नावाचे अवाढव्य वायुपोत इंग्लंडहून कराचीला यावयाचे होते. त्याला आत घेण्यासाठी एक भला मोठा हँगर आधीच बांधून ठेवला होता. ४ ऑक्टोबर १९३० रोजी ते वायुपोत निघाले, आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ कोसळून जळाले. आतील ५४ माणसांपैकी ४८ दगावली. कराचीच्या हँगराने आपल्या पाहुण्याचे तोंडही पाहिले नाही. अंतर आणि वेग या दोहोंचा हिशेब कागदावर बिनचूक मांडूनही प्रवास कसा होत नाही, याचे हे एक उदाहरण. प्रस्तुत कथेत अशी आणखी येतील, फक्त त्यांची कारणे हवामानात किंवा यंत्रात सापडणार नाहीत.

कराचीत थांबलेली थैली पुढे नेण्याची कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या माणसाची. हा ब्रिटिश हवाई दलातील निवृत्त वैमानिक. १९२९ साली विमान घेऊन हिंदुस्थानात आला. गावोगाव लोकांना विमानात बसवून फेऱ्या मारून आणताना त्याने हा देश वरून चांगला पाहिला होता. त्याने आपली योजना टाटांकडे नेली. त्या घराण्यातील एक तरुण, जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे आपले जे. आर. डी., विमानाच्या वेडाने आधीच झपाटलेले होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिलेला तो पहिला परवाना. योजना तर चांगली होती, परंतु सरकारने आर्थिक साहाय्य देण्याचे नाकारले, आणि लिहिण्या-बोलण्यात तीन वर्षे गेली. शेवटी साहाय्यावाचूनच, केवळ वाहिलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला घेऊन हे काम करावयाचे ठरले. भांडवल म्हणून सुमारे दोन लाख रुपये. आमच्या मते या कथेतील खरे धाडस ते हेच. आकाशात उडण्याचे धाडस त्यामागून आले.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एक पस मॉथ जातीचे विमान उडाले. नावात पतंग आहे आणि देहही जवळपास तसाच : पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर ताणलेले कापड, लाकडी पंख, आणि नाकाशी एकच एक इंजिन. त्याची शक्ती सव्वाशे अश्वशक्तीच्या आसपास. आज रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या मोटारीत तेवढी सापडेल. आत अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. एकटेच आणि सोबत ५५ पौंड टपाल. बिनतारी यंत्र नाही, जमिनीवरून वाट सांगणारे कोणी नाही. कच्छचे रण ओलांडून अहमदाबादेस उतरावयाचे. तेथे बर्मा शेल कंपनीचे पेट्रोल चार-चार गॅलनांच्या डब्यांतून बैलगाडीवर आले होते. बैलगाडीने आणलेले पेट्रोल विमानात ओतले जात आहे, हे चित्र आम्हांला फार आवडते. ते हास्यास्पद आहे म्हणून नव्हे, तर त्या दिवशी कोणाचेही कोणावाचून अडले नाही म्हणून. पेट्रोल भरून विमान पुन्हा उडाले आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी मुंबईस जुहूला उतरले. तेथे व्हिन्सेंट दुसरे विमान घेऊन तयारच होता. मद्रासकडील टपाल घेऊन तो निघाला, बेळ्ळारीस रात्र काढली, आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले.

सात तास पंधरा मिनिटे. या आकड्यापाशी थोडे थांबावयास हवे. विमान सरळ दोऱ्यावरून आलेच नव्हते. कराची ते अहमदाबाद सुमारे ५९० किलोमीटर आणि तेथून जुहू सुमारे ४४०, मिळून १०३० किलोमीटर, म्हणजे ६४० मैल. दोऱ्यापेक्षा शंभर मैल जास्त. एका इंजिनाच्या विमानाने मोकळ्या समुद्रावरून जाणे म्हणजे प्राणाशी खेळ. शिवाय अहमदाबाद हे टपालाचे ठाणे होते आणि पेट्रोलही तेथेच. विमानाचा वेग ताशी शंभर मैलांचा. थांबण्याचा वेळ धरून सरासरी ८८ मैल पडली. वारा हाही एक भागीदार. ताशी वीस मैलांचा वारा समोरून आला की पस मॉथचा पाचवा हिस्सा वेग तो खाई. तोच वारा आजच्या जेट विमानाच्या पाचशे मैलांतून वीस मैल नेतो, आणि प्रवाशाला त्याची वार्ताही लागत नाही.

घड्याळाचाही एक घोटाळा सांगून टाकतो. त्या काळी मुंबईत दोन वेळा चालत. रेल्वेची व सरकारची वेळ निराळी. आणि 'मुंबई टाइम' म्हणून जी मिरविली जाई ती तिच्या ३९ मिनिटे मागे. नगरपालिकेने हा हट्ट १९५५ पर्यंत धरला होता. पुढे पाकिस्तानने १९५१ साली आपली घड्याळे लावून घेतली, तेव्हापासून कराची मुंबईच्या अर्धा तास मागे आहे. यामुळे छापील वेळापत्रकात मुंबईहून कराचीला जाणारे विमान अर्धा तास लवकर पोचल्यासारखे दिसे आणि येणारे तितकेच उशिरा. ज्यांना हे ठाऊक नसे ते येताना वैमानिकाला दोष देत.

असो. टाटांची ती सेवा नियमित चालली, आणि अशी चालली की पहिल्या वर्षात कराचीला इंग्रज विमानाची गाठ एकदाही चुकली नाही. सरकारी हवाई खात्याने आपल्या अहवालात तिची मुद्दाम वाखाणणी केली. पहिल्या वर्षात सुमारे १,६०,००० मैलांचे उड्डाण झाले आणि १५५ प्रवासी गेले-आले. वर्षाकाठी १५५! आज एका विमानात त्याहून अधिक माणसे बसतात. जुहूचे मैदान म्हणजे समुद्राच्या काठची चिखलवट. पावसाळ्यात भरतीचे पाणी त्यावर चढे. मग तीन महिन्यांकरिता विमाने, वैमानिक आणि मिस्त्री असा सारा संसार पुण्यास हलवावयाचा. तेथे येरवड्याच्या तुरुंगालगतचे मैदान विमानतळ म्हणून वापरण्यास दिले होते. पहिले उड्डाण झाले तेव्हा त्याच तुरुंगात गांधीजी होते आणि पुणे कराराला तीन आठवडे लोटले होते. तुरुंगाच्या भिंतीवरून पुढे टपालाची विमाने जाऊ लागली, तेव्हा आतल्या कैद्यांना त्यांचा आवाज ऐकू जात असणारच.

यंत्राची पुढची प्रगती आम्ही भराभर सांगतो, कारण ती सर्वत्र सारखीच झाली. महायुद्धानंतर डाकोटा विमाने आली. ताशी पावणेदोनशे मैलांच्या त्यांच्या वेगाने हा पल्ला हिशेबाने सव्वातीन-साडेतीन तासांचा झाला. जुहूऐवजी सांताक्रूझचा विमानतळ वापरात आला. १९६० सालापासून आपल्याकडे जेट विमाने आली. तेव्हापासून मुंबई-कराची म्हणजे चढण्यात आणि उतरण्यातच निम्मा वेळ जावा असा लहानसा पल्ला. हवेत जेमतेम सव्वा तास, दाराशी दार धरून पावणेदोन. तीस वर्षांपूर्वीच्या सात तासांचे एवढेच उरले.

परंतु याच तीस वर्षांच्या मध्यावर १९४७ साल येते. त्या वर्षी अंतर एक इंचानेही वाढले नाही. जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर सिंधी हिंदूंच्या आगबोटींमागून आगबोटी मुंबईला येऊ लागल्या. विमानाचे भाडे परवडणारे थोडे, बाकी सारे डेकवर. कल्याणजवळ लष्कराने सोडलेल्या बराकींत त्यांची छावणी पडली, आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. एका इलाख्याची दोन टोके आता दोन राष्ट्रांत होती. तरीही विमाने चालू होती, बोटीही चालू होत्या. पुष्कळांना आज हे आठवत नाही की १९४७ ने रस्ता बंद केला नाही. तो पुढे, हप्त्याहप्त्याने बंद होत गेला.

पहिला हप्ता १९६५ च्या युद्धाचा. त्या वर्षी विमाने थांबली, आणि सिंध-राजस्थानमधून जाणारा जुना रेल्वेमार्गही मुनाबाव-खोक्रापार येथे तुटला. तो २००६ साली पुन्हा जोडला गेला आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये परत थांबला. दुसरा हप्ता अधिक विलक्षण. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले 'गंगा' नावाचे भारतीय विमान पळवून लाहोरला नेण्यात आले व तेथे जाळण्यात आले. त्यावर भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. कराची ते ढाका हा सुमारे २३५० किलोमीटरांचा पल्ला. पण आता ती विमाने सबंध हिंदी द्वीपकल्पाला वळसा घालून सिलोनमार्गे जाऊ लागली आणि वाट जवळजवळ दुप्पट झाली. एकाच देशाच्या दोन भागांत जावयाचे तर अर्धा खंड फिरून जावे लागे. वर्ष संपण्यापूर्वी ते दोन भाग एका देशाचे राहिले नाहीत. त्याची कारणे अनेक, परंतु त्या वर्षीच्या युद्धाच्या इतिहासकारांनी हा लांबलेला हवाई मार्गही मोजावा असे आम्हांला वाटते.

१९७६ साली विमाने पुन्हा सुरू झाली. १ जानेवारी २००२ ला बंद, १ जानेवारी २००४ ला सुरू. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले ते १६ जुलैपर्यंत. २०२५ च्या एप्रिलात पहलगामच्या हत्याकांडानंतर पुन्हा दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश मना केले. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी आपली विमाने अरबी समुद्रावरून वळसा घेऊ लागली. तास वाढले, इंधन वाढले, काही विमाने वाटेत उतरवून तेल भरावे लागले.

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. थेट विमान नसता मुंबईहून कराचीला जावयाचे, तर सोयीची वाट दुबईची. मुंबई-दुबई सुमारे १९३० किलोमीटर, तीन तास. दुबई-कराची सुमारे ११९० किलोमीटर, दोन तास. ८७५ किलोमीटरांच्या जागी ३१२०, म्हणजे साडेतीन पट. दुबईत विमान बदलण्यासाठी कमीत कमी दोन-सव्वादोन तास धरा. बेरीज सात-सव्वासात तास होते. आम्ही हा हिशेब दोनदा करून पाहिला. कापडाच्या पंखांचे, बैलगाडीवरच्या पेट्रोलवर चाललेले, सव्वाशे अश्वशक्तीचे विमान घेऊन जे. आर. डी. जितक्या वेळात आले, तितक्याच वेळात आजचे जेट विमान माणसाला पोचविते. आणि यात व्हिसासाठी लागणारे महिने धरलेले नाहीत. ते धरले तर आगबोटदेखील वेगवान ठरेल.

स्वतः जे. आर. डी. तो मार्ग पुन्हा उडाले, तेही दोनदा. १९६२ साली तिसाव्या वाढदिवशी लेपर्ड मॉथ जातीच्या जुन्या विमानातून, आणि १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, पुन्हा तशाच विमानातून, कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला. १९३२ साली त्यांना दोन गावांमधून जावयाचे होते, १९८२ साली दोन देशांमधून; दोन्ही सरकारांनी त्या म्हाताऱ्या वैमानिकाला वाट दिली. व्हिन्सेंट मात्र हे पाहावयास नव्हता. १९४२ च्या जानेवारीत युद्धकामावर असताना त्याचे विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ नाहीसे झाले.

त्या गृहस्थांना आम्ही हा सारा हिशेब पाठीमागून कळविला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की मग निदान पत्र तरी जाते का. कराचीत त्यांच्या वडिलांचे एक शेजारी होते. त्यांच्या मुलाशी यांचा पत्रव्यवहार अधूनमधून चाले. आम्ही चौकशी केली. मे २०२५ मध्ये पाकिस्तानहून विमानाने अथवा जमिनीवरून येणारे सर्व टपाल भारत सरकारने थांबविले होते. जो मार्ग ५५ पौंड पत्रांसाठी आखला गेला, त्यावरून त्या मुलाचे पत्र येणार नव्हते. हे आम्ही त्यांना फोनवर सांगितले, तेव्हा पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही; मग ते म्हणाले, "ठीक आहे. त्याचे अक्षर तसेही हल्ली लागत नव्हते."